‘गुड ओल्ड डेज’

दिवाळी अंकांचा ढीग वाचून हातावेगळा करावयास आम्हांस दरवर्षीं माघ महिना उजाडतो. त्या ढिगांत कथा असतात, कविता असतात, राशिभविष्य तर असतेंच. परंतु अलीकडे अंकाचीं अधिकांत अधिक पानें कशानें व्यापलेलीं असतील तर तीं आठवणींनीं. कोणी बालपणींच्या वाड्याची आठवण काढतो, कोणी आजोळच्या आमराईची, कोणी गिरगांवांतल्या चाळीची, कोणी रेडिओवरच्या बिनाका गीतमालेची. विषय जुना आहे म्हणून आमची तक्रार नाहीं. मनुष्य पन्नाशी ओलांडून गेला म्हणजे मागें वळून पाहूं लागतो, आणि लिहितां येत असलें तर लिहितो. तो त्याचा हक्कच आहे. आमची तक्रार निराळी आहे. या लेखांत मध्यावर केव्हां तरी, बहुधा जेथें लेखकाचा दम संपूं लागतो तेथें, एक इंग्रजी शब्दसमुच्चय हटकून येऊन उभा राहतो, आणि तो आला कीं आठवण थांबते. ‘द गुड ओल्ड डेज’! कोणी तो जसाच्या तसा नागरी लिपींत लिहितो, कोणी त्याचें ‘ते चांगले जुने दिवस’ असें भाषांतर करतो, आणि ज्यांस याहून अधिक घाई असते ते ‘आम्ही नॉस्टॅल्जिक झालों’ एवढें सांगून मोकळे होतात.

इंग्रजी शब्दांचा आम्हांस विटाळ नाहीं. टेबल, स्टेशन, पेन्सिल, तिकीट हे शब्द मराठींत आले ते आपापल्या वस्तु बरोबर घेऊन आले, आणि वस्तु घरांत राहिली म्हणून शब्दहि राहिला. त्यांना हांकलून देण्याचा उद्योग अनेकांनीं केला. त्यांतून फारसें कांहीं निष्पन्न झालें नाहीं, व होऊंहि नये. परंतु ‘गुड ओल्ड डेज’ कोणती वस्तु घेऊन आला? मागच्या काळाविषयींची ओढ आपणांस इंग्रजांनीं शिकविली, असें कोणी म्हणणार नाहीं. संस्कृतांत ‘स्मृ’ या धातूचा अर्थ नुसतें आठवणें एवढाच नाहीं, उत्कंठेनें झुरणें असाहि आहे. आणि ‘स्मर’ हें मदनाचें नांव त्याच धातूपासून निघालें आहे. तेव्हां भावना घरची होती, तिला शब्दहि घरचे होते. पाहुणा आला तो रिकाम्या हातानें आला आणि येऊन बैठकीच्या लोडाशीं टेकून बसला.

त्याचें भाषांतर करणारांची तर आम्हांस कींव येते. इंग्रजींत ‘गुड ओल्ड’ ही जोडी एकत्र आली म्हणजे तींतील ‘ओल्ड’चा अर्थ जुना असा राहत नाहीं. ‘गुड ओल्ड जॉन’ म्हणजे म्हातारा जॉन नव्हे. आपला नेहमींचा, आवडता जॉन. तो पंचविशींतला असला तरी चालतो. म्हणजे या शब्दांत काळाचें माप नाहींच, लाड आहे. ‘चांगले जुने दिवस’ असें म्हणणारा लेखक लाड गमावतो आणि माप तेवढें पदरांत घेतो, व तें मापहि खोटें. जुने किती? चांगले कोणाला? याचें उत्तर त्या तीन शब्दांत कोठेंच नाहीं.

उलट आपल्या घरांत म्हातारीं माणसें काय म्हणत, तें आठवून पाहा. ‘आमच्या वेळीं असें नव्हतें.’ या वाक्याची आपण पुष्कळ थट्टा केली आहे, आणि तें ऐकून ऐकून कंटाळलोंहि आहों. पण त्याची रचना लक्षांत घेण्यासारखी आहे. त्यांत ‘आमच्या’ असा एक शब्द आहे. बोलणारा काळावर आपलें नांव घालतो. हा माझा काळ, तुझा निराळा, असें मान्य करतो. म्हणूनच नातवाला उलट विचारतां येतें, ‘आजोबा, तुमच्या वेळीं घरांत वीज होती का?’ आणि आजोबांस नव्हती म्हणून सांगावें लागतें. ‘जुनें तें सोनें’ ही म्हण तर सरळ सरळ एक पक्ष आहे. तिच्याशीं भांडतां येतें, आणि आमच्याकडे लोक भांडतहि आले आहेत. ‘गुड ओल्ड डेज’शीं भांडतां येत नाहीं. ते दिवस कोणाचेच नाहींत. ते आपले आपणच चांगले आहेत. बिनमालकीच्या जमिनीप्रमाणें त्यांवर वाटेल त्यानें आपला खुंट ठोकावा.

‘नॉस्टॅल्जिया’ची गोष्ट जरा निराळी आहे, आणि ती आमच्या हौशी लेखकांस ठाऊक असती तर त्यांनीं हा शब्द इतक्या सहजासहजीं अंगाला लावून घेतला नसता. हें एका रोगाचें नांव आहे. १६८८ सालीं बाझेल येथील विद्यापीठांत योहानेस होफर नांवाच्या एकोणीस वर्षांच्या विद्यार्थ्यानें वैद्यकाचा प्रबंध लिहिला. त्यांत घरीं परत जाणें या अर्थाचा एक ग्रीक शब्द व वेदना या अर्थाचा दुसरा यांची सांगड घालून त्यानें हा नवा शब्द बनविला. रोगी कोण? परमुलुखांत चाकरी करणारे स्विस शिपाई, गांव सोडून शिकावयास आलेले विद्यार्थी. बर्नहून बाझेलला आलेला असा एक विद्यार्थी अंथरुणास खिळला, वैद्यांनीं आशा सोडली, आणि त्याला घराच्या वाटेला लावल्याबरोबर तो सुधारूं लागला, असें होफर सांगतो. पुढें १७०५ च्या सुमारास शॉयख्त्सर नांवाच्या शास्त्रज्ञानें याचें कारण हवेच्या दाबांत शोधिलें. उंच पर्वतावरचा मनुष्य सखल प्रदेशांत आला कीं हवेच्या भारानें त्याचें रक्त मंदावतें, असा त्याचा तर्क. रूसोनें आपल्या संगीतकोशांत नोंदविलें आहे कीं, गुरें वळतांना वाजवावयाचें एक स्विस गाणें फौजेंत वाजविण्यास देहान्ताच्या शिक्षेची बंदी होती. कारण तें ऐकून शिपाई रडत, पळून जात किंवा मरत. कॅप्टन कूकबरोबर गेलेल्या जोसेफ बँक्सनें १७७० सालच्या आपल्या रोजनिशींत खलाशांच्या घरओढीला हेंच वैद्यकी नांव दिलें आहे. अमेरिकेंतील यादवी युद्धांत लष्करी डॉक्टर या रोगाचे हजारों रोगी कागदोपत्रीं नोंदवीत होते.

सांगावयाचें हें कीं, हा शब्द मूळचा काळाविषयींचा नव्हे, स्थळाविषयींचा आहे. घर तेथेंच असतें, रोगी दूर असतो. घरीं पाठविला कीं बरा होतो. स्थळ जाऊन त्याच्या जागीं काळ आला तो मागाहून, आणि त्या क्षणीं रोग असाध्य झाला. कारण काळाच्या गांवाला परतीची गाडी नाहीं. असाध्य झाला म्हणून वैद्यांनीं तो सोडला व लेखकांनीं उचलला.

आतां होफरचा मूळ रोग मराठी मुलुखांत नव्हता काय? होता, आणि घरोघर होता. मात्र तो झाला पुरुषांपेक्षां मुलींना. आठव्या-दहाव्या वर्षीं लग्न होऊन परक्या घरीं गेलेली मुलगी पहाटे जात्यावर बसून जें म्हणे, त्याला आपण ओवी म्हणतों. त्या ओव्यांतून माहेर काढून टाकलें तर मागें किती उरेल याचा हिशेब कोणी तरी करावा. ‘माहेर’ या एका शब्दांत होफरचे दोन्ही ग्रीक शब्द मावतात. संतांनीं पंढरीला माहेर म्हटलें तेंहि याच अनुभवाच्या जोरावर. ऐकणाऱ्या बायांस त्याचा अर्थ समजावून सांगावा लागला नाहीं. आणि स्थळाच्याच ओढीचें एक अलीकडचें उदाहरण द्यावयाचें तर इस्रायलांत जाऊन स्थायिक झालेल्या बेने इस्रायल मंडळींचें. धर्मानें ज्याला मायदेश म्हटलें तेथें ते पोंचले, आणि पोंचल्यावर ‘मायबोली’ नांवाचें मराठी नियतकालिक त्यांनीं काढलें. एका घरीं जावें आणि दुसऱ्या घराची ओढ लागावी, हा पेंच ‘गुड ओल्ड डेज’ या शब्दांत बसावयाचा नाहीं.

गंमत अशी कीं, ज्या भाषेंतून आम्ही हा वाक्प्रचार आणला त्या भाषेंतील सर्वांत लोकप्रिय कादंबरीकारानें त्याची पुरती रेवडी उडविलेली आहे. डिकन्सची ‘द चाइम्स’ ही नाताळची गोष्ट १८४४ सालची. ट्रॉटी व्हेक नांवाचा म्हातारा हमाल थंडींत एका घराच्या पायरीवर बसून लेकीनें आणलेला गरम रस्सा खात आहे; तोंच घरांतून तीन प्रतिष्ठित गृहस्थ बाहेर येतात. एक त्याच्या खाण्यांत किती अन्न वायां जातें याचें गणित मांडतो. दुसरा नगरशेट, त्याला गरिबांचीं सारीं सोंगें ठाऊक आहेत. आणि तिसरा, निळ्या कोटांतला, लालबुंद चेहऱ्याचा, त्याला एकच पालुपद येतें: ते जुने चांगले काळ! कोणते काळ, तें तो शेवटपर्यंत सांगत नाहीं, आणि डिकन्स तें मुद्दाम नोंदवून ठेवतो. म्हाताऱ्याच्या मनावर मात्र परिणाम व्हावयाचा तो होतो. आपणांसारख्यांना या जगांत जागाच नाहीं, असें त्याला वाटूं लागतें. पुढें १८५१ सालीं लंडनमधील नव्या घरांत राहावयास गेल्यावर डिकन्सनें अभ्यासिकेच्या दाराला खोट्या पुस्तकांच्या पाठी बसवून घेतल्या. त्यांत ‘पूर्वजांचें शहाणपण’ या ग्रंथाचे सात खंड होते: अज्ञान, भोळसट समजुती, शिरच्छेदाचा ठोकळा, जिवंत जाळण्याचा खांब, हातपाय ताणण्याचें यंत्र, घाण आणि रोगराई. शेजारींच ‘पूर्वजांचे सद्गुण’ हें पुस्तक होतें. तें इतकें अरुंद कीं त्याचें नांव पाठीवर आडवें मावेना, उभें छापावें लागलें.

याच डिकन्सनें ‘पिक्विक’मध्यें घोड्यांच्या टपालगाड्या, रस्त्यावरच्या खाणावळी, शेगडीजवळच्या गप्पा यांचें जें वर्णन केलें आहे तें वाचून आजहि मन ओढ घेतें, आणि तें लिहिलें जात होतें तेव्हां आगगाडी त्या गाड्यांना हां हां म्हणतां गिळीत होती. म्हणजे मागच्या काळावर प्रेम करण्यास त्याची हरकत नव्हती. टपावर बसून पावसांत भिजणारा गाडीवान त्या वर्णनांतून तो वगळीत नाहीं, एवढेंच.

आमच्याकडे जुन्या काळाचा वाद पेटला तो प्रथम देशाच्या संबंधांत, स्वतःच्या बालपणाच्या नव्हे. लोकहितवादींनीं १८४८ पासून ‘प्रभाकरां’त शंभरावर पत्रें लिहून पूर्वजांच्या नांवानें चालणाऱ्या आळसावर आसूड ओढले, पंचवीस-तीस वर्षांनीं विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं ‘निबंधमाले’ंत त्या पत्रांचा व पत्रकाराचा समाचार घेतला आणि इंग्रजी शिकलेल्या तरुणास आपल्या भूतकाळाचा अभिमान धरावयास सांगितलें. आम्हांस दोघांचीहि मतें जशीच्या तशीं पटत नाहींत. पण दोघांनाहि आपण काय म्हणतों व तें कोणासंबंधीं म्हणतों हें पक्कें ठाऊक होतें. हळहळ हा त्यांचा विषय नव्हता.

येथें आम्हांस स्वतःचा एक कबुलीजबाब देणें प्राप्त आहे. नाहीं तर दुसऱ्याचे दोष काढण्याचा आमचा अधिकार वाचकांनीं मान्य करूं नये. सुमारें चाळीस वर्षांपूर्वीं आम्हींहि असाच एक लेख लिहिला होता. आमचा वडिलार्जित वाडा सातारा जिल्ह्यांतला, दोन चौकांचा, तो विकून भाऊबंदांनीं वांटे करून घेतले त्या वर्षीं आम्हांस लेखणी आवरेना. ओटी, पडवी, माजघर, कोठीची खोली, मागच्या चौकांतला आड यांचें वर्णन केलें. पहाटे अंथरुणांत असतांना आडावरचा रहाट कसा कुरकुरत असे आणि त्या सुरावर पुन्हां कशी गोड झोंप लागत असे, यावर तर पाऊण पान खर्चीं घातलें. आणि शेवटीं आजच्या पाठकांना ज्याचा आम्ही दोष देत आहों तोच इंग्रजी वाक्प्रचार लिहून लेख पुरा केला. लेखाचें कौतुक झालें. अपरिचितांचीं पत्रें आलीं. अंक आम्हीं घरीं मोठ्या अभिमानानें आमच्या आत्याबाईंच्या हातीं दिला.

आत्याबाई तेव्हां पंचाहत्तरीच्या घरांत होत्या. पंधराव्या वर्षीं कपाळ पांढरें झालें, माघारीं आल्या, आणि पुढलीं पन्नासांहून अधिक वर्षें त्याच वाड्यांत काढलीं. चष्मा लावून त्यांनीं लेख दोन दिवसांत सावकाश वाचला. तिसऱ्या दिवशीं आम्ही जेवावयास बसलों असतां भाकरी वाढतां वाढतां म्हणाल्या, “छान लिहिलं आहेस हो. रहाट गोड वाजायचा म्हणतोस. ओढीत कोण होतं, तेवढं नाहीं लिहिलंस.”

त्यांच्या बोलण्यांत राग नव्हता, टोमणाहि नव्हता. लेखांत एक गोष्ट राहून गेली, ती त्यांनीं सांगितली. पहाटे चारला उठून, सोवळ्यानें, थंडी असो पाऊस असो, घरच्या वीस माणसांचें पाणी कोण ओढी तें आम्हांस ठाऊक नव्हतें असें नाहीं. ठाऊक होतें, आणि तरी लिहितांना आठवलें नाहीं. ‘गुड ओल्ड डेज’ हे शब्द हातांत होते, त्यामुळें आठवण्याची गरजच पडली नाहीं.

तेव्हांपासून आम्हांस एक खोड लागली आहे. कोणतेंहि आठवणींचें पुस्तक हातीं आलें कीं त्यांत रहाट कोण ओढतें तें आम्ही आधीं शोधतों. ही कसोटी कांहीं साहित्यशास्त्रांतली नव्हे, आणि ती लावून प्रत्येक पुस्तकाचा निकाल लागतो असेंहि नाहीं. परंतु आमच्या जुन्या आत्मकथा तिला कशा उतरतात हें पाहून आम्हांस पुष्कळ वेळां आश्चर्य वाटलें.

‘स्मृतिचित्रें’ घ्या. लक्ष्मीबाई टिळकांच्या या आठवणी १९३४ पासून चार भागांत प्रसिद्ध झाल्या. त्यांतले बालपणींचे प्रसंग साठ वर्षांमागचे होते. १८५७ च्या बंडाच्या प्रकरणांत आजोबांस फांशी झाली आणि वडिलांना सोवळ्याचें वेड लागलें. बाजारांतून आलेली जवळ जवळ प्रत्येक चीज धुवून घेतल्याखेरीज घरांत यावयाची नाहीं. लक्ष्मीबाई हें सर्व इतक्या मिस्किलपणें सांगतात कीं वाचणाऱ्यास हंसूं आवरत नाहीं. आणि हंसतां हंसतां ध्यानांत येतें कीं या धुण्याच्या पायीं एक बाई, म्हणजे त्यांची आई, जन्मभर ओली राहिली आहे. तिच्यासाठीं लेखिकेनें वेगळा उसासा टाकलेला नाहीं. वडिलांविषयींची मायाहि कोठें आटलेली नाहीं. दोन्ही गोष्टी एकाच वाक्यांत नांदतात. त्या वाक्यांत ‘काय ते दिवस!’ असें घालून पाहा, सारें विस्कटून जाईल. पतीनें १८९५ सालीं धर्मांतर केलें, त्यानंतरचीं पांच वर्षें त्यांनीं कशीं काढलीं तें सांगतांनाहि हाच सूर आहे. मराठी गद्यांत याच्या तोडीचें फार थोडें लिहिलें गेलें आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

रमाबाई रानड्यांचें पुस्तक १९१० चें. न्यायमूर्तींच्या मृत्यूला तेव्हां नऊ वर्षें झालीं होतीं. त्याच्या नांवांतहि ‘आमच्या’ हा शब्द आहे: ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’. अकरा वर्षांची मुलगी एकतीस वर्षांच्या विद्वानाशीं लग्न होऊन येते. नवऱ्याची इच्छा तिनें शिकावें ही, आणि घरांतल्या वडीलधाऱ्या बायकांना तिचें इंग्रजी पुस्तक डोळ्यांसमोर नको. दोहोंच्या मधोमध सांपडलेल्या त्या मुलीचे हाल रमाबाई सांगतात ते अत्यंत संयमानें. आम्हांस कधीं कधीं हा संयम फार वाटतो. पतिभक्तीच्या ओघांत त्या स्वतःला इतक्या मागें उभ्या करतात कीं त्यांचा चेहरा धूसर होतो. पण कोणीं छळलें, कशावरून छळलें, आणि त्या रात्रीं अभ्यास कसा झाला, हें त्या लपवीत नाहींत. घर गोड होतें असें त्या म्हणतात तेव्हां आपण विश्वास ठेवतों, कारण तें कोठें कडू होतें तेंहि त्यांनींच सांगितलेलें आहे.

धोंडो केशव कर्व्यांचें ‘आत्मवृत्त’ १९१५ चें. कोंकणांतल्या मुरूडहून परीक्षेसाठीं घाट चढून साताऱ्याला शंभरावर मैल चालत गेलेला मुलगा, आणि वय लहान दिसतें म्हणून परीक्षेस बसूं न देतां त्याला परत पाठविणारे अधिकारी: एवढ्या प्रसंगावर आजचा एखादा लेखक घाटांतलें धुकें, करवंदांच्या जाळ्या आणि ‘त्या काळची जिद्द’ यांची केवढी आरास मांडील! अण्णा ती हकीकत एखाद्या हिशेबाप्रमाणें लिहितात. गोडसे भटजींच्या ‘माझ्या प्रवासा’संबंधीं तर काय बोलावें. दक्षिणेच्या आशेनें वरसईहून उत्तरेकडे निघालेला हा गरीब ब्राह्मण बंडाच्या वणव्यांत सांपडला. झांशी लुटली जात असतां त्यानें तें डोळ्यांनीं पाहिलें. पंचवीस वर्षांनीं तें लिहून काढलें. जुन्या राजवटीसाठीं अश्रु ढाळण्यास याहून अधिक कारण कोणाला असेल? पण भटजींना भूक आठवते, भीति आठवते, कोठें काय खावयास मिळालें आणि कमावलेला पैसा कसा गेला तें आठवतें.

या चौघांपैकीं कोणीहि जुन्या दिवसांचा तिरस्कार केलेला नाहीं. हें सांगण्याचें कारण असें कीं, अलीकडे मागचें सर्व तें वाईट असें धरून चालणारा एक पंथ निघाला आहे, आणि त्याचें लिखाणहि आम्हांस तितकेंच आळशी वाटतें. त्याच्या हातींहि एक तयार शब्द असतो, एवढाच फरक.

हळहळ ज्यांत उघड उघड आहे आणि तरी जी आम्हांस मनापासून मान्य आहे, अशी एक जागा सांगतों. पु. ल. देशपांड्यांच्या ‘बटाट्याच्या चाळी’चें (१९५८) शेवटचें ‘चिंतन’. चाळ मोडणार, माणसें पांगणार, या जाणिवेनें तेथें विनोदाचा स्वर एकदम खालीं उतरतो. कांहीं टीकाकारांनीं याला भावविवशता म्हटलें. आम्हांस तसें वाटत नाहीं. त्यापूर्वींच्या सर्व प्रकरणांत लेखकानें या चाळकऱ्यांना हंसून घेतलेलें आहे. गच्ची उघडून मिळावी म्हणून त्यांनीं केलेल्या चळवळीचा फज्जा, त्यांचा दांभिकपणा, क्षुद्रपणा, सर्व कांहीं दाखवून झाल्यावर तो म्हणतो कीं मला यांची आठवण येईल. ज्याचे दोष पाठ आहेत त्याच्यासाठीं रडण्याचा अधिकार मनुष्याला असतो. पु. लं.च्या मागून चाळीवर लिहिणाऱ्या शेंकडों लोकांनीं मात्र पहिलीं प्रकरणें गाळलीं आणि शेवटचें तेवढें उचललें.

चाळीबरोबर गिरणीचा भोंगाहि आला. मध्यमवर्गीय घरांतल्या मुलाला भोंगा म्हणजे शाळेची वेळ. आई घड्याळ जुळवून घेई. सुरेख आठवण आहे, आणि खरीहि आहे. परंतु तो भोंगा वाजत होता तो आपलें घड्याळ जुळावें म्हणून नव्हे. पाळीला उशीर झाला तर ज्याची मजुरी कापली जाई, त्याच्यासाठीं तो वाजत होता. १८ जानेवारी १९८२ रोजीं सुमारें अडीच लाख कामगार संपावर गेले, आणि पुढें एकामागून एक भोंगे कायमचे मुके झाले. त्या जागीं आज लोअर परळला उंच इमारती व बाजारपेठा उभ्या आहेत. भोंग्याच्या आठवणींत संपाची आठवण नसलेले लेख आम्हीं इतके वाचले आहेत कीं आतां भोंगा हा शब्द दिसला तरी आम्ही पान उलटतों. कदाचित् हा आमचा अन्याय असेल.

आणि मग १९७८ सालीं दया पवारांचें ‘बलुतं’ आलें, आणि ज्यांनीं कित्येक पिढ्या रहाट ओढला किंबहुना ज्यांना त्या आडाला शिवण्याचीहि मनाई होती त्यांच्यापैकीं एक जण आठवणी सांगूं लागला. पुस्तकाची योजनाच अशी आहे कीं, दगडू मारुती पवार हा दया पवारांस आपली कहाणी सांगतो. म्हणजे शहरांत येऊन लेखक झालेल्या माणसासमोर त्याचाच भूतकाळ येऊन बसतो व त्याला सुखानें उसासे टाकूं देत नाहीं. आमच्या वर्गांतील पुष्कळ वाचकांस तें पुस्तक वाचतांना प्रथमच कळलें कीं, ज्या गांवाच्या आठवणींत आपण रमतों त्याच गांवाला दुसरी एक वेस होती.

परंतु याहूनहि आम्हांस विचार करावयास लावलें तें बेबी कांबळ्यांच्या ‘जिणं आमुचं’ या पुस्तकानें. ‘स्त्री’ मासिकांत तें १९८२ सालीं क्रमशः आलें, १९८६ सालीं पुस्तकरूपानें निघालें. वीरगांवच्या महारवाड्यांतले हाल, बाळंतिणीच्या पोटांतली भूक, आणि घरांतल्याच सासूनें सुनेचा मांडलेला छळ, यांतलें कांहींहि बेबीताई झांकीत नाहींत. आपल्या माणसांस त्या सवलत देत नाहींत. आणि याच पुस्तकांत आषाढ महिन्याचें वर्णन आहे! सगळें वर्ष उपाशी राहिलेला वाडा त्या महिन्यांत घरें सारवतो, न्हातो, गोडधोड करतो, देवाला जातो. लेखिकेची लेखणी तेथें अशी फुलते कीं वाचणाऱ्यालाहि त्या आनंदांत ओढून नेते. आतां या पानांस काय म्हणावें? ओढ तर उघड आहे. गेलेल्या दिवसांवरचें प्रेमहि उघड आहे. तो गांव परत यावा अशी इच्छा मात्र त्यांत तिळमात्र नाहीं. होफरच्या रोग्याला घरीं पाठविलें कीं तो बरा होई. बेबीताईंना कोणी त्या आषाढांत परत पाठवूं म्हणेल तर त्या जाणार नाहींत, आणि तरीहि त्या आषाढाचें असें वर्णन दुसऱ्या कोणाच्यानें व्हावयाचें नाहीं. या भावनेला इंग्रजींत नांव असल्यास आम्हांस ठाऊक नाहीं. मराठींत तिला एक पुस्तक आहे.

आमचे दिवाळी अंकांतले मित्र या सर्वांवर म्हणतील कीं, चार घटका रमावें म्हणून लिहिलेल्या पानभर लेखाला एवढ्या मोठ्या ग्रंथांची मापें कशाला लावतां? हें म्हणणें अगदींच टाकाऊ नाहीं. सगळ्यांनीं ‘स्मृतिचित्रें’ लिहावीं असा आमचा आग्रह नाहीं. लिमलेटच्या गोळीची आठवण लिहावयाची असेल तर खुशाल लिहावी; मात्र ती गोळी कोणत्या दुकानांतली, पैसा कोठून चोरला, आणि पकडल्यावर मार कोणाला बसला, एवढें तरी लिहावें. तेवढें लिहिलें तर त्या इंग्रजी वाक्प्रचाराला लेखांत शिरावयास वाव राहत नाहीं, असा आमचा अनुभव आहे.

अनुभव म्हटला तो वर सांगितलेल्या लेखाचाच. पुढें तीन-चार वर्षांनीं आमच्या लेखांचा संग्रह निघावयाचा होता. मुद्रितें घरीं आलीं तेव्हां शेवटचें इंग्रजी वाक्य आम्हीं प्रथम खोडलें. मग रहाट कोण ओढीत होतें तें चार ओळींत लिहिलें. आणि झोंपेचें तें पाऊण पान लाजेनें सबंध काढून टाकूं लागलों. आत्याबाई शेजारीं वाती वळीत बसल्या होत्या. काय खोडतोस म्हणून त्यांनीं विचारलें, आम्हीं सांगितलें.

“तें कशाला काढतोस? असूं दे,” त्या म्हणाल्या. “वाजायचा तो गोडच. मलाहि आवडायचा.”